उंदरांसाठी दुवा

ऋजुता कर्णिक रोज सकाळच्या गाडीने रोह्याहून जित्याला जायची. जित्याला उतरून रिक्षाने थोडं आत गेलं की शेतांच्या मधोमध एक फार्मसी कॉलेज होतं. तिथे ती औषधशास्त्र शिकवायची आणि तिची पीएचडीही तिथेच चालली होती. गाडी रोह्यातूनच सुटत असल्यामुळे खिडकी हमखास मिळायची. थंडीच्या दिवसांतली ती सकाळ. पुढच्याच स्टेशनात, निडीला, गाडी थांबली तेव्हा तिने सहज बाहेर पाहिलं, तर फलाटावरच्या बाकावर नूरमहंमद चाचा बसलेले.

एकटेच. पायांत घरातल्या स्लिपर, लुंगीवर जाड स्वेटर आणि मांडीवर मासळीची रिकामी पिशवी. निडीला गाडी जेमतेम टेकते. ऋजुताने विचार केला नाही, बॅग उचलली आणि उतरली.

“चाचा, तुम्ही इथं कसे?”

चाचांनी मान वर केली. ते हसले, पण ते हसू ओळखीचं नव्हतं. स्टँडवर एखाद्या परक्या प्रवाशाने गाडीची चौकशी केल्यावर हसावं, तसं होतं.

“गाडी कंदी सुटंल?” त्यांनीच उलट विचारलं. “माझी ड्युटी हाय. पॅसेंजर खोळंबलेत तिकडं.”

“चाचा, मी ऋजू. कर्णिकांची.”

“व्हय, व्हय,” ते अदबीने म्हणाले आणि बाकावर सरकून जागा करून देऊ लागले. “बसा ना ताई. पानी हाय काय तुमच्याजवळ?”

ज्या माणसाने तिला आयुष्यात ‘गो ऋजू’शिवाय दुसरी हाक मारली नव्हती, तो तिला ताई म्हणत होता. ऋजुताने बाटली पुढे केली. चाचांनी ती एका दमात संपवली आणि तरी जीभ ओठांवरून फिरवत राहिले. ऊन अजून कोवळं होतं, पण ते कपाळावर आडवा हात धरून बसले होते. उजेड सोसत नसावा. तिने त्यांचा हात धरून उठवलं, स्टेशनबाहेर एक रिक्षा मिळवली आणि त्यांना रोह्याला घरी आणलं.

घरात हुस्नबानो चाचींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेजारची दोन माणसं मोटारसायकली काढून नदीकडे शोधायला गेली होती. चाचांना दारात पाहून त्या जोत्यावरच बसल्या.

“मावरं घेऊन येतो म्हनून गेले गो,” त्या रडत म्हणाल्या. “मासळीबाजार घरापासून हाकेवर हाय. चाळीस वर्सं जातायत.”

नूरमहंमद चाचा एसटीचे ड्रायव्हर होते. रोहा, नागोठणे, वडखळ, पेण हा त्यांचा रस्ता. ऋजुता दहावीत असताना तिचे वडील गेले. आई बालवाडी चालवायची. अकरावीला पेणच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा एवढ्या लांब एकट्या पोरीला रोज कसं पाठवायचं, असा घरात प्रश्न होता. आईने शेजारच्या आळीत जाऊन चाचांना एवढंच सांगितलं, “पोरीकडे लक्ष असू द्या.” चाचांनी ते लक्ष तिचं बी.फार्म संपेपर्यंत ठेवलं. ड्रायव्हरच्या मागचं सीट तिचं. कधी तिला उशीर झाला तर स्टँडवर इंजिन चालू ठेवून ते उगाच आरसा पुसत बसायचे आणि कंडक्टर ओरडला की म्हणायचे, “थांब रे, काच धुरकट हाय.”

प्रवेश परीक्षेच्या दिवशी वडखळच्या नाक्यावर वाहनांची अशी कोंडी झाली की गाडी तसूभर हलेना. ऋजुता रडकुंडीला आली होती. चाचा गाडी सोडून जाऊ शकत नव्हते. त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून कडेने निघालेल्या एका ओळखीच्या मोटारसायकलवाल्याला थांबवलं. “हिला पेणला परीक्षेला सोड. माझी पोर हाय.” तो माणूस चकार शब्द न काढता तिला घेऊन गेला. परीक्षागृहाचं दार बंद होता होता ती आत शिरली होती.

तिचं पुढचं सगळं शिक्षण, नोकरी, प्रयोगशाळा, हे त्या मोटारसायकलवरून सुरू झालं असं तिला नेहमी वाटायचं. चाचांना कधी तसं म्हणून दाखवलं की ते हात झटकायचे. “मी काय केलं? पेपर तू लिवलास.”

आता तेच चाचा जोत्यावर बसून विचारत होते, “ह्या बाई कोन? पानी देतील काय?”

हुस्नबानो चाचींनी सगळं सांगितलं. वर्षभरापूर्वीपासून हे हळूहळू चाललं होतं. आधी चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, मग नमाजात किती रकात म्हणजे आवर्तनं झाली त्याचा घोळ, मग शेजाऱ्यांची नावं. पेणच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं, वयाने होतं म्हणाले आणि आठवणीसाठी गोळी सुरू केली. गोळीने उतार पडला नाहीच. चाचा-चाचींचा मुलगा इर्शाद कुवेतला होता. तो रोज फोन करायचा आणि रोज तेच विचारायचा, नोकरी सोडून येऊ का?

“आता दाराला आतून कुलूप लावनार,” चाची म्हणाल्या. “ज्यानं आख्खा जिल्हा फिरवला, त्याला घरात कोंडायचं. सांग गो, कसं करू?”

ऋजुता म्हणाली, “मी येत जाईन चाची,” आणि तेवढं बोलूनही तिला फार अपुरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत उंदरांना पोहायला सोडत होती.

तिचं संशोधन विसरण्यावरच होतं. मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारं एक रसायन असतं, अ‍ॅसिटिलकोलीन. नवं काही लक्षात राहायला ते लागतं. निरोप पोचला की एक एन्झाइम येऊन त्या रसायनाचे तुकडे करतं, म्हणजे पुढच्या निरोपाला वाट मोकळी. स्मृतिभ्रंशात हे रसायनच कमी पडू लागतं, म्हणून त्या एन्झाइमला आवर घालणारी औषधं देतात, की आहे ते तरी जास्त वेळ टिकावं. खाडीकाठी उगवणाऱ्या एका झुडपाच्या पानांच्या अर्कात असा गुण आहे का, हे ऋजुता शोधत होती.

त्यासाठी आधी उंदरांना विसरायला लावावं लागे. धोतऱ्यासारख्या झाडांत सापडणारं स्कोपोलामाइन नावाचं द्रव्य टोचलं की ते निरोप घेणारी दारंच बंद करतं. मग उंदीर कंबरेइतक्या उंचीच्या एका गोल हौदात सोडायचा. दूध पावडर घालून पाणी पांढरं केलेलं, आणि पाण्याखाली बोटभर खोल एक छोटा चौथरा लपवलेला. साधं मिठाचं पाणी टोचलेले उंदीर चार-पाच दिवसांत चौथऱ्याची जागा शिकत. भिंतीवर लावलेल्या खुणा बघत ते सरळ तिकडे जात आणि चौथऱ्यावर चढून मिशा पुसत बसत. स्कोपोलामाइनवाले मात्र हौदाच्या कडेला धरून गोल गोल पोहत राहत. काल सापडलेली जागा आज त्यांच्यासाठी नवीच असे.

त्या दिवशी तसाच एक उंदीर कडेने फिरत होता. शेवटी ऋजुताने त्याला हातावर उचललं, फडक्याने पुसलं, दिव्याखाली ऊब दिली आणि पिंजऱ्यात सोडलं. पिंजऱ्यात त्याचे सोबती खाद्याची गोळी कुरतडत होते आणि दर घासाला पाण्याच्या नळीकडे धावत होते. घास, की पाणी. पुन्हा घास, पुन्हा पाणी. ह्यात नवं काहीच नव्हतं. स्कोपोलामाइनने लाळ आटते, तोंड कोरडं पडतं, कोरडं खाद्य गिळवत नाही. बाहुल्या विस्फारतात, त्यामुळे उजेड सोसत नाही. हे ती दर वर्षी फळ्यावर लिहून शिकवायची.

ती पिंजऱ्यासमोर तशीच उभी राहिली. निडीच्या फलाटावर एका दमात संपलेली बाटली तिच्या डोळ्यांसमोर आली. कपाळावर आडवा धरलेला हात आला. चाचांच्या डोळ्यांतल्या काळ्याभोर, मोठ्या बाहुल्या तिने काल अगदी जवळून पाहिल्या होत्या आणि तिला काहीही सुचलं नव्हतं.

वयाने माणूस विसरतो. पण वयाने तोंड असं कोरडं कशाला पडेल?

तिच्या मार्गदर्शक बतूल मॅडम शेजारच्या खोलीत बसत. ऋजुता हातमोजे न काढताच त्यांच्याकडे गेली आणि एका दमात सगळं बोलली. बतूल मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मधुमेहानेही तोंड सुकतं,” त्या म्हणाल्या.

“त्यांना मधुमेह नाही. तपासलंय.”

“मग घरी जाऊन बघ, ते काय काय घेतात. सगळं बघ. लोक ज्याला औषध म्हणत नाहीत, तेही.” मग त्या म्हणाल्या, “एक लक्षात ठेव. तू डॉक्टर नाहीस. एकही गोळी तू बंद करायची नाहीस. पण प्रश्न विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.”

संध्याकाळी ती थेट चाचांकडे गेली. हुस्नबानो चाचींनी बीपीची गोळी आणि आठवणीची गोळी दाखवली.

“आणि?”

“बस, इतकीच.”

“चाची, खाज, पोट, झोप, लघवी... कशासाठीच काही नाही?”

“त्या व्हय? त्या नेहमीच्या हायत, औषध नाय,” म्हणत चाचींनी फ्रीजवरची एक पिशवी काढून तिच्यापुढे रिकामी केली.

रात्री वारंवार लघवीला उठावं लागतं म्हणून पनवेलच्या डॉक्टरांनी दिलेली एक गोळी होती. अंगाला खाज सुटते म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली एक होती, तिने झोपही छान लागते म्हणून खाज गेल्यावरही चालूच ठेवलेली. पोटात मुरडा येतो म्हणून ड्युटीच्या काळापासून सवयीने घेतली जाणारी तिसरी होती. तीन वेगळ्या डॉक्टरांनी, तीन वेगळ्या वर्षी, तीन वेगळ्या दुखण्यांवर दिलेली. ज्याने त्याने आपापल्या जागी बरोबरच दिलेली. पण तिन्ही एकाच गोत्रातली होती. उंदरांना ती जे टोचत होती, त्या स्कोपोलामाइनच्याच गोत्रातली.

ऋजुताने तिन्ही पाकिटं बाजूला काढून ओळीने ठेवली. चाचा समोर खुर्चीत बसून टीव्हीकडे बघत होते. टीव्ही बंद होता.

“काय गो, काय झालं?” चाचींनी घाबरून विचारलं.

“काही वाईट नाही चाची,” ती म्हणाली. “कदाचित चांगलंच. पण आधी डॉक्टरांशी बोलायला हवं. तोवर ह्यातलं काही आपण आपल्या मनाने थांबवायचं नाही.”

पेणला डॉ. हर्षद टिपणीसांच्या दवाखान्यात ते तिघंही गेले. ऋजुता वाटभर वाक्यं जुळवत होती. आपण शहाणपणा शिकवतोय असं डॉक्टरांना वाटलं तर? ते चिडले तर? शेवटी तिने गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “सर, मी उंदरांवर काम करते. माझी एक शंका आहे. ती चुकीचीही असेल.”

डॉक्टर पन्नाशीचे, थकलेल्या डोळ्यांचे. त्यांनी एकेक पाकीट उचलून वाचलं. पहिलं वाचून ते खुर्चीत पुढे सरकले, दुसरं वाचून चष्मा काढून पुसला.

“मी तुम्हाला विचारलं होतं चाची, दुसरी औषधं काय चालू आहेत,” ते म्हणाले.

“मी सांगितली ना बीपीची,” चाची ओशाळल्या.

“तुमचा दोष नाही. मीच पिशवी घेऊन या म्हणायला पाहिजे होतं.” ते ऋजुताकडे वळले. “ही लघवीची गोळी मोठ्या डोसची आहे. वाढवली कधी?”

चाचींनी आठवून सांगितलं. आठवणीची गोळी सुरू झाली आणि लघवीचा त्रास वाढला, म्हणून पनवेलला पुन्हा दाखवलं, तेव्हा.

डॉक्टरांनी मान हलवली. “माझ्या गोळीने लघवीची घाई होऊ शकते. ती झाली. त्यावर त्यांनी त्यांची गोळी वाढवली. त्यांच्या गोळीने विसरणं वाढलं असणार. आणि मला वाटलं, माझी गोळी कमी पडतेय. पुढच्या खेपेला मी ती वाढवणार होतो.” मग ते म्हणाले, “तुमच्या शंकेत तथ्य आहे. सगळं यातूनच झालंय असं मी म्हणणार नाही. वय आहे. पण बघायलाच हवं.”

त्यांनी तिथूनच पनवेलच्या डॉक्टरांना फोन लावला. लघवीसाठी वेगळ्या प्रकारची गोळी ठरली. खाजेची आणि पोटाची टप्प्याटप्प्याने कमी करत बंद करायची. आठवणीच्या गोळीचं काय करायचं ते त्यानंतर.

घरी आल्यावर इर्शादचा व्हिडिओ कॉल आला. त्याला काही केल्या कळेना. “ऋजू, गोळ्यांनी माणूस विसरतो? आणि आठवणीची गोळी चालू असताना?”

“असं समज,” ती म्हणाली. “चाचा गाडी चालवतायत. कंडक्टर दोनदा घंटी देतो, गाडी निघते. ह्या तीन गोळ्यांनी चाचांच्या कानात कापूस घातला. डॉक्टरांची गोळी घंटीचा आवाज लांबवत होती. पण कापूस काढल्याशिवाय घंटी लांबवून काय उपयोग?”

पलीकडून इर्शादने विचारलं, “कापूस निघंल ना गो?”

“माहीत नाही,” तिने खरं ते सांगितलं. “उंदरांचा निघतो.”

पहिले काही दिवस फार वाईट गेले. चाचांना झोप येईना, खाज पुन्हा सुटली, ते चिडचिड करू लागले. एकदा त्यांनी जेवणाचं ताट लोटून दिलं. हुस्नबानो चाचींनी चाळीस वर्षांत त्यांचा असा अवतार पाहिला नव्हता. त्यांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, थोडा धीर धरा, खाजेला लावायला मलम देतो. ऋजुता रोज संध्याकाळी स्टेशनवरून आधी चाचांकडे जायची. चाची दार उघडायच्या आणि नुसती मान हलवायच्या. नाय, अजून नाय. घरी परतताना ऋजुताला वाटायचं, आपण ह्या बाईला उगाच आशेला लावलं.

एका संध्याकाळी गाडीला बराच उशीर झाला. ती पोचली तेव्हा चाचा ओट्यावर बसले होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

“काय गो ऋजू,” ते म्हणाले, “आज कासूला क्रॉसिंग लागलं काय?”

दारात उभ्या असलेल्या चाचींनी पदर तोंडाला लावला होता. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“हो चाचा,” ऋजुता कशीबशी म्हणाली. “मालगाडी होती.”

“तरी मी म्हनलं. ये, बस. चाय पी.”

त्यानंतर चाचा एकदम खडखडीत बरे झाले असं नाही. भरती येताना खाडीत पाणी चढतं, तसे ते परत येत गेले. एक दिवस शेजाऱ्यांची नावं आली, एक दिवस नमाज न अडखळता पूर्ण झाली. तोंडाची कोरड गेली आणि जेवण जाऊ लागलं. एकदा त्यांनी चाचींनी आणलेले बोंबील ताजे नाहीत म्हणून भांडण काढलं, आणि चाचींनी ते भांडण फोनवरून इर्शादला इतक्या आनंदाने सांगितलं की तो पलीकडे खदखदून हसला. नोकरी सोडण्याचं त्याने मग काढलं नाही. ईदला महिनाभर येतो म्हणाला. डॉक्टरांनी आठवणीची गोळीही हळूहळू थांबवून पाहिली. फरक पडला नाही. थोडं विसरणं राहिलं, ते वयाचं, असं ते म्हणाले.

निडीचं चाचांना काहीच आठवत नव्हतं. एकदा त्यांनी ऋजुताला हळूच विचारलं, “मी तिकडं स्टेशनात बसलो व्हतो म्हनं. लोकांनी बघितलं असंल. काय वंगाळ बोललो काय कुनाला?”

“तुम्ही मला बसायला जागा दिलीत चाचा,” ती म्हणाली. “पॅसेंजरांची काळजी करत होता.”

चाचांनी खाली बघितलं. “तू उतरलीस म्हनून गो,” एवढंच म्हणाले.

डॉ. टिपणीस आता प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटला घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगू लागले. एकदा त्यांनी ऋजुताला फोन करून सांगितलं, आणखी एका आजीबाई अशाच सापडल्या, वडखळच्या. “तुमच्या उंदरांना माझा नमस्कार सांगा,” ते म्हणाले, आणि ते चेष्टेने म्हणत नव्हते.

मार्चमध्ये ऋजुताच्या प्रयोगाचा शेवट झाला. शेवटी मेंदूतलं एन्झाइम मोजायचं असतं आणि त्यासाठी उंदरांना, वेदना होणार नाहीत अशा रीतीने, मारावं लागतं. त्याची रीतसर परवानगी होती, पद्धत ठरलेली होती आणि तिने आजवर ते केलेलं होतं. पण ह्या खेपेला तिने प्रत्येक उंदराला हातात जास्त वेळ धरलं.

आकडे हाती आले. खाडीकाठच्या झुडपाच्या अर्काने काहीही केलं नव्हतं. एन्झाइम तसंच, विसरणं तसंच. तीन वर्षांचं काम, आणि उत्तर नकारार्थी.

“रडणार आहेस का?” बतूल मॅडमनी विचारलं.

ऋजुताने स्वतःशी चाचपून पाहिलं. “नाही मॅडम,” ती नवलाने म्हणाली. “वाईट वाटलं. पण रडू नाही येत.”

“नाही हेही उत्तरच असतं. नीट लिहून काढ. पुढचा कुणी त्या झुडपामागे तीन वर्षं घालवणार नाही.”

एप्रिलमध्ये एका सकाळी कॉलेजच्या दारात रिक्षा थांबली. आतून नूरमहंमद चाचा आणि हुस्नबानो चाची उतरले. चाचींच्या हातात तांदळाच्या वाफवलेल्या सांदणांचा मोठा डबा होता. ते रोह्याहून गाडीने आले होते. तिकीट चाचांनी काढलं होतं आणि जित्याला कोणत्या बाजूला उतरायचं तेही त्यांनीच सांगितलं होतं, हे चाचींनी आल्या आल्या दोनदा सांगितलं.

बतूल मॅडम आणि चाचा एकमेकांशी बोलत बसले. मॅडमचं माहेर कुठलं, कोण कुणाच्या नात्यात, असं सगळं निघालं. मधेच चाचांनी त्यांचं नाव तिसऱ्यांदा विचारलं आणि स्वतःच हसले. “हे गोळीचं नाय बरं काय. हे वयाचं.”

मग ते ऋजुताला म्हणाले, “मला ते उंदीर बघायचेत. ज्यांनी मला परत आनला ते.”

ऋजुताला क्षणभर वाटलं, कुठलेही पिंजरे दाखवावेत आणि हेच ते म्हणावं. नवी तुकडी कालच आली होती, पांढरी, तशीच दिसणारी. पण तिच्याने ते झालं नाही. ती त्यांना प्राणिगृहाच्या बाहेरच्या खोलीत घेऊन गेली. काचेपलीकडे पिंजरे दिसत होते.

“चाचा, हे वेगळे आहेत,” ती म्हणाली. “ते आता नाहीत. प्रयोग संपला की... त्यांचा मेंदू तपासावा लागतो.”

चाचांना समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. त्यांनी काचेवर हात टेकला.

“लई तरास झाला काय त्यांना?”

“शेवटी नाही. झोपेतच जातात. पण त्याआधी झाला चाचा. रोज सुई, रोज पाणी. वाट सापडायची नाही, घाबरून पोहत राहायचे. मी उचलेपर्यंत.”

“वाट सापडत नाय तेव्हा कसं व्हतं,” चाचा हळूच म्हणाले, “ते मला ठावं हाय. नीट आठवत नाय. पन छातीत अजून हाय.”

मग त्यांनी विचारलं, “नावं व्हती काय त्यांची?”

“नाही. शेपटीवर शाईच्या खुणा असायच्या.”

“मग अल्लाला कुनासाठी म्हनून सांगू?”

“उंदरांसाठी म्हणून सांगा चाचा.”

“त्याला समजंल,” हुस्नबानो चाची मागून म्हणाल्या.

चाचांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि दोन्ही हात छातीसमोर ओंजळीसारखे उघडे धरले. त्यांचे ओठ हलत राहिले. चाचींनीही पदर डोक्यावर घेऊन हात धरले. ऋजुताला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. घरी देवाला करतो तसे तिने ते जोडले आणि मान खाली घातली. काचेपलीकडे उंदीर लाकडाचा भुसा उकरत होते. एकजण मागच्या पायांवर उभा राहून हवेत नाक हलवत होता.

दुवा झाल्यावर चाचांनी तोंडावरून हात फिरवले. त्यांचे डोळे ओले होते, पण चेहरा निवांत होता.

“चल गो,” ते म्हणाले. “सांदनं थंड व्हतील. तुझ्या मॅडमना पयली दे.”

सगळ्यांनी बाहेरच्या व्हरांड्यात बसून सांदणं खाल्ली. शिपाई, कारकून, दोन विद्यार्थिनी, बतूल मॅडम, सगळे. दुपारच्या गाडीला त्यांना सोडायला बतूल मॅडम स्वतःच्या गाडीने गेल्या, नात्याचं बोलणं अजून संपलेलं नव्हतं.

ऋजुता परत आत आली. तिने ॲप्रन घातला, हात धुतले आणि प्राणिगृहाचं दार उघडलं. नव्या उंदरांना अजून कुणी हाताळलं नव्हतं, ते बिचकून कोपऱ्यात दाटीवाटीने बसले. तिने एकेका पिंजऱ्यापाशी थांबून पाण्याची बाटली काढली, ताज्या पाण्याने भरली आणि परत अडकवताना नळीच्या टोकाला बोट लावून थेंब येतोय ना ते पाहिलं. सगळे पिंजरे होईपर्यंत ती तिथेच होती.